छज्जा की पडदा?

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता मलकापूर सोडले की आंबा घाटाच्या दिशेने, पश्चिमेकडे धावू लागतो. मार्गशीर्ष-पौषातल्या संध्याकाळी पाच-साडेपाचला या रस्त्यावर दुचाकी असेल, तर सूर्य वर आकाशात नसतो. तो समोरून येणाऱ्या एसटीच्या टपावर बसल्यासारखा थेट डोळ्यांत शिरतो. पायी चालणारा माणूस अशा वेळी कपाळावर आडवा हात धरतो. बांधावर उभे राहून लांबून कोण येते आहे हे निरखणारी आजीही तेच करते. दुचाकीस्वाराची पंचाईत अशी, की त्याचा उजवा हात रेसवर आणि डावा क्लचवर गुंतलेला. मग तो हनुवटी छातीकडे ओढतो, हेल्मेटची कपाळावरची कड सूर्यावर आणतो आणि उरलेल्या बोटभर फटीतून खड्डे शोधत राहतो.

अलीकडच्या पुष्कळ हेल्मेटांत डाव्या बाजूचा खटका सरकवला की आतून एक काळी काच डोळ्यांपुढे उतरते. कंपन्या तिला सन व्हायजर म्हणतात, दुकानदार ‘डबल काच’ म्हणून खपवतो. काच हा शब्द सवयीचा. प्रत्यक्षात ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. नाव काहीही द्या, काम त्या आडव्या हाताचेच. फक्त हा हात आधी डोक्याच्या बाहेर होता आणि नंतर डोके व कवच यांच्यामधल्या जागेत शिरला. बाहेरची सावली म्हणजे घराचा छज्जा, आतली म्हणजे खिडकीचा पडदा. शंभर वर्षे हेल्मेट बनवणारे या दोहोंत घुटमळत आहेत, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मध्ये येते ते माणसाचे नाक.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटारसायकलस्वारांची छायाचित्रे पाहिली, तर एक गंमत दिसते. बहुतेकांच्या डोक्यावर कापडी टोपी आहे, पण ती उलटी घातलेली. टोपीची चोच मानेवर. ही चोच मुळात उन्हासाठी शिवलेली, पण वेग वाढला की वारा तिच्याखाली शिरून टोपी उडवी. म्हणून सावलीचे साधनच पाठीमागे फिरवून लोक सुसाट सुटत आणि डोळ्यांना धुळीचा चष्मा बांधत. छज्ज्याचा हा पहिला पराभव, आणि तो करणारा वारा पुढेही त्याचा पिच्छा सोडणार नव्हता.

डोके वाचवण्याचा विचार त्यानंतर आला. लंडनजवळच्या ब्रुकलँड्स या शर्यतीच्या मार्गावर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर काम पाहत. डोक्याला मार लागलेले स्वार वारंवार समोर येऊ लागले, तेव्हा त्यांनी कॅनव्हासवर लाखेचे थर चढवून एक टोप बनवून घेतला. ही लाख त्या काळी जगाला प्रामुख्याने हिंदुस्थानातून जात असे. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलातही पळसावर लाखेचे किडे पोसतात, त्यामुळे या कथेत आपला एक धागा अगदी पहिल्या टोपापासूनच आहे असे म्हणायला हरकत नाही. शर्यतींचे नियमन करणाऱ्या ऑटो सायकल युनियनने १९१४ च्या, आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या मोटारसायकल शर्यतीत असा टोप सक्तीचा केला. उलट्या भांड्यासारखा दिसणारा हा टोप कानांच्या वरच संपत असे. चेहरा उघडा, डोळ्यांना वेगळा चष्मा. उन्हाचा प्रश्न चष्म्याने सोडवायचा, टोपाने नाही, अशी सरळ वाटणी होती.

सामान्य स्वार मात्र आणखी वीस वर्षे उघड्या डोक्यानेच हिंडला. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स आपल्या ब्रफ सुपीरियर मोटारसायकलवरून येत असताना समोरच्या दोन सायकलस्वार मुलांना चुकवायला गेला, फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. हा विषय त्यांनी सोडला नाही. ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी मांडले, की महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार व मागे बसणारे मेले. आणि टोप घातलेले जे जखमी त्यांच्या पाहण्यात आले ते अवघे सात, सातही जगले. पुढच्याच महिन्यात ब्रिटिश लष्कराने आपल्या स्वारांना टोप सक्तीचा केला.

याचा काळ्या काचेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जागेचा आहे. टोप जसजसा गांभीर्याने घेतला जाऊ लागला, तसतसा तो जाड होत गेला, खाली उतरत गेला आणि चेहऱ्याभोवती मिटत गेला. डोळ्यांपुढची जी जागा पूर्वी मोकळी होती, तिच्यावर आता कवचाचा, थर्मोकोलचा, गालाखालच्या गादीचा आणि पुढच्या काचेचा हक्क आला. सावलीला स्वतःसाठी कोपरा मागावा लागला.

उन्हाशी खरी झटापट तोवर आकाशात सुरू झाली होती. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे लढाऊ विमान सूर्याला पाठीशी घेऊन झेपावते, हे ब्रिटिश वैमानिकांना पहिल्याच धड्यात शिकवले जाई. त्यांना मिळणाऱ्या चष्म्यांपैकी १९४० च्या सुमाराच्या एका नमुन्याला वरच्या बाजूस बिजागरीवर गडद पट्टी जोडलेली होती. सूर्याकडे पाहायचे असेल तेव्हा ती खाली पाडायची, काम झाले की वर. खटक्यासरशी खाली येणाऱ्या काळ्या काचेची ही आजी म्हणावी लागेल. जेट विमाने आली, वैमानिकाच्या डोक्यावर कडक कवच आले आणि १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या एपीएच-५ या हेल्मेटमध्ये गडद काच कपाळावरच्या खाचेतून खाली सरकू लागली. मधोमध एक गोल कळ. ती सैल करायची, काच हवी तिथे आणायची, पुन्हा घट्ट करायची. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलाकडे दोन काचांचे हेल्मेटही होते, एक पारदर्शक आणि एक गडद, दोन्ही स्वतंत्रपणे सरकणाऱ्या.

मोटारसायकलच्या डबल काचेची कल्पना इथेच पुरी झालेली दिसते. पण एक मोठा फरक राहिला. वैमानिकाच्या हेल्मेटमध्ये या काचा कवचाच्या बाहेर, वेगळ्या आच्छादनाखाली असत. बाहेर जागेला तोटा नाही. वैमानिकाचे नाक, त्याचा प्राणवायूचा मुखवटा, सगळे काही काचेच्या आत सुखाने मावे.

चंद्रावरही हाच प्रश्न पुढे उभा राहिला. तिथे वातावरण नाही, म्हणजे ऊन गाळायला काहीच नाही. अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांच्या पोशाखात पॉलिकार्बोनेटच्या गोल बुडबुड्यावर आणखी एक टोप चढवलेला असे, आणि त्यात सोन्याचा अतिशय पातळ थर दिलेली काच असे. छायाचित्रांत अंतराळवीराचा चेहरा न दिसता सोनेरी आरसा दिसतो तो तिच्यामुळे. इतके करून भागेना, म्हणून दोन्ही बाजूंना बैलाच्या डोळ्यांना बांधतात तशी सरकती झापडे होती आणि नंतरच्या मोहिमांत कपाळावर मधोमध आणखी एक झापड आले. पडदा सोन्याचा असला तरी तिरप्या उन्हाला शेवटी छज्जाच लागला, ही गोष्ट दुचाकीवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जमिनीवर परत येऊ. १९५३ साली दोन घटना घडल्या, एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या. कॅलिफोर्नियात सी. एफ. लोंबार्ड यांना धक्का शोषून घेणाऱ्या अस्तराच्या हेल्मेटचे पेटंट मिळाले. आणि जर्मनीत बायर कंपनीच्या हेरमान श्नेल यांनी व अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांना न कळता, पॉलिकार्बोनेट शोधले. पहिल्यामुळे हेल्मेटच्या आत चिरडून धक्का पिणारा जाड थर आला, दुसऱ्यामुळे न फुटणारी वाकडी ‘काच’ मिळाली. एकाने जागा खाल्ली, दुसऱ्याने त्या उरलेल्या जागेत शिरण्याचे साधन दिले.

अमेरिकेत बेल कंपनीने १९५४ पासून हेल्मेट विकायला सुरुवात केली. उघड्या तोंडाच्या त्या घुमटाकार हेल्मेटांना कपाळावर तीन टिचबटणे असत. त्यांवर हवे ते लावावे: उन्हासाठी पुढे आलेली चोच, किंवा धुळीसाठी फुग्यासारखी पारदर्शक काच. ही तीन टिचबटणे म्हणजे छज्ज्याचे सुवर्णयुग म्हणता येईल. उन्हाळ्यात चोच, पावसात फुगा. गावातल्या घराला उन्हाळ्यात मांडव घालावा आणि पावसाळ्याआधी झडपा बांधाव्यात, त्यातलाच प्रकार. पण वारा टपलेलाच होता. वेग वाढला की चोच वाऱ्यात शिडासारखी भरे आणि मान मागे खेचे. १९६८ मध्ये बेलचे स्टार हे संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट आले, त्याच वर्षी डॅन गर्नी या शर्यतपटूने तशा हेल्मेटसह जर्मन ग्रां प्रीत गाडी चालवली, आणि हनुवटीपासून टाळूपर्यंत एकसंध कवचाचा जमाना सुरू झाला. चोच मागे राहिली ती चिखलमातीच्या मोटोक्रॉसमध्ये. तिथे ती उन्हाइतकीच पुढच्या गाडीने उडवलेल्या चिखलाला अडवते, म्हणून टिकली.

बंद हेल्मेटमध्ये ऊन थांबवायचे कसे? उत्तर सोपे वाटले: पुढची काचच काळी करावी.

शर्यतीत ते उत्तर आजही चालते, कारण बहुतेक शर्यती दिवसाउजेडी संपतात. रस्त्यावर मात्र दिवस संपला तरी प्रवास संपत नाही. युरोपातला स्वार सकाळी काळी काच लावून निघे आणि परतीसाठी पारदर्शक काच पाठीवरच्या पिशवीत, मोज्यात गुंडाळून नेई. सायंकाळी रस्त्याच्या कडेला थांबून बोटांनी कळा दाबत काच बदलायची, त्यात एखादी कळ तुटायची, काचेवर बोटांचे ठसे उमटायचे. ज्याने हे केले नाही तो काच वर करून, उघड्या डोळ्यांनी चिलटे झेलत घरी पोचे. युरोपीय नियमही आड आले. हेल्मेटची मानके ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा विनियम क्रमांक २२ हा १९७२ पासूनचा. त्याच्या २००० सालच्या आवृत्तीप्रमाणे काचेतून किमान ८० टक्के प्रकाश आत यायला हवा. पन्नासपर्यंत सूट मिळे, पण काचेवर ‘फक्त दिवसा’ असे छापायच्या अटीवर. दुपारच्या उन्हात पन्नास टक्के म्हणजे काहीच नाही. साधा बरा गॉगल याहून कितीतरी जास्त प्रकाश अडवतो.

हेल्मेटखाली गॉगल घालणे हा गरिबाचा मार्ग, आणि आपल्याकडे तोच राजमार्ग आहे. त्याची दुखणीही ओळखीची: गादी कानावरच्या काडीला दाबते, तासाभरात कानामागे ठणका लागतो, आणि ज्याला नंबरचा चष्मा आहे त्याला हाही मार्ग बंद.

या सगळ्यातून पडदा जन्मला. लांब पल्ल्याच्या भटकंतीची हौस असलेल्या जर्मनी-इटलीत त्याला आधी गिऱ्हाईक मिळाले, यात नवल नाही. एका दिवसात आल्प्सच्या पायथ्याचे ऊन, पंधरा बोगदे आणि खिंडीतले धुके गाठणाऱ्या माणसाला थांबून काच बदलणे परवडत नाही. जबडा वर उचलता येणारे हेल्मेट बीएमडब्ल्यूने १९८१ मध्येच आणले होते. शतक पालटण्याच्या आगेमागे शूबर्थ, काबेर्ग अशा कंपन्यांच्या हेल्मेटांत कवच आणि अस्तराच्या फटीतून उतरणारी काळी काच रुळली. खटका डाव्या बाजूला, कारण उजवा हात रेस सोडू शकत नाही. काहींत कानशिलावर सरकणारी पट्टी, काहींत हनुवटीच्या कडेला तरफ, काहींत डोक्यावर. आत बारीक तार किंवा दांडी, आणि काही ठिकाणी एक बटण दाबताच स्प्रिंगने टप्पकन वर जाणारी सोय.

काच आत का घातली, वैमानिकासारखी बाहेर का नाही? वैमानिक डांबरावर घासत जात नाही. दुचाकीस्वार पडला तर हेल्मेट रस्त्यावर सरपटते, आणि बाहेर आलेला कोणताही भाग अडकला की मान पिळते. म्हणून मानके बाहेरच्या उंचवट्यांवर आणि पृष्ठभागाच्या घर्षणावर बारीक नजर ठेवतात. पडदा आत घ्यावाच लागला, आणि आत घेतल्याबरोबर तो तीन गोष्टींच्या कचाट्यात सापडला: वर कपाळाशी थर्मोकोल, पुढे मुख्य काच, मागे नाक.

पहिल्यावरून मोठा वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. काळी काच वर गेल्यावर लपणार कुठे? कवच आणि थर्मोकोल यांच्यामध्ये. मग तिथला थर्मोकोल काही मिलिमीटर पातळ होतो, किंवा कवच तेवढे फुगवावे लागते. जपानची आराई ही कंपनी हिरोताके आराई या टोप्या शिवणाऱ्या कारागिराच्या कारखान्यातून उभी राहिली. तिने पडद्याला ठाम नकार दिला. कपाळाच्या वरचा भाग हा धक्क्याचा भाग, तिथली जाडी सोयीसाठी विकायची नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी काय केले? मुख्य काचेच्या बाहेर वर-खाली फिरणारी गडद पट्टी बसवली, जी उचलली की चोच होते आणि पाडली की चष्मा. म्हणजे छज्जा परत आणला, तोही बिजागरीचा. दुसरी जपानी कंपनी, शोएई, बराच काळ थांबली आणि २०१२ मध्ये निओटेक व २०१३ मध्ये जीटी-एअर या हेल्मेटांत पडदा घेऊन उतरली. त्या काचेला त्यांनी गॉगलसाठीचे युरोपीय मानक लावले. दोन्ही कारखाने एकाच देशातले, दोघांचाही दबदबा जगभर, आणि एका काचेवरून तोंडे दोन दिशांना. विनियम २२ ची सहावी सुधारित आवृत्ती २०२१ च्या जानेवारीत लागू झाली. तिने धक्क्याच्या चाचण्यांचा वेग एकाऐवजी कमी-अधिक असा केला, तिरप्या आघाताची चाचणी आणली आणि आतल्या काळ्या काचेलाही तपासणीच्या कक्षेत घेतले. त्यामुळे वाद संपला असे नाही, पण पडदेवाल्यांना दाखवायला कागद मिळाला.

आता नाकाकडे वळू, कारण गिऱ्हाईक भांडते ते थर्मोकोलवरून नाही, नाकावरून.

काळी काच खाली आल्यावर तिची खालची कड कुठे थांबावी? वर थांबली, तर कडेखाली उजेडाची एक लख्ख पट्टी उरते. वरचा भाग अंधारलेला आणि खाली झगझगीत रेघ, अशी डोळ्यांची ओढाताण होते. काही जणांना ती उन्हापेक्षा जास्त छळते. फार खाली आणली, तर नाकावर टेकते. म्हणून मधोमध नाकासाठी अर्धचंद्र कापतात. त्यातही थोडी फट मुद्दाम ठेवावी लागते, कारण गाडीचा वेग दाखवणारा काटा स्वाराला त्याच फटीतून दिसतो. एका काचेने एवढे सगळे सांभाळायचे, आणि नाके तर गल्लीत दहा तऱ्हांची.

खरी मेख मात्र कारखान्याच्या हिशेबात आहे. प्रत्येक मापाला वेगळे कवच ओतणे महाग पडते. म्हणून एकाच कवचात आतल्या गाद्या जाड-पातळ करून दोन-तीन मापे काढतात. काळी काच कवचाला जोडलेली असते, गादीला नाही. ५८ सेंटिमीटर डोक्याला नेमकी बसणारी काच त्याच कवचातल्या ५६ च्या माणसाच्या चेहऱ्यापासून लांब राहते आणि ६० च्या माणसाच्या नाकाला भिडते. शिवाय नवे हेल्मेट काही आठवड्यांत ‘बसते’, म्हणजे कपाळाची व गालांची गादी दबते आणि चेहरा थोडा पुढे सरकतो. दुकानात नाकापासून बोटभर दूर असलेली काच दिवाळीनंतर नाकावर येते ती अशी. गिऱ्हाईक काचेला दोष देते. बिचारी काच जागच्या जागी असते, माणूस हललेला असतो.

आणि डोक्यांचे आकार? हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातले रॉजर बॉल यांनी २००० च्या दशकात ‘साइझ चायना’ या प्रकल्पात दोन हजारांहून अधिक चिनी चेहऱ्या-डोक्यांचे त्रिमितीय मोजमाप घेतले. पाश्चात्त्य साच्यांच्या तुलनेत ही डोकी वरून पाहता जास्त गोल, कपाळ आणि मागची बाजू जास्त सपाट निघाली. युरोपीय लांबट साच्यातले हेल्मेट गोल डोक्यावर कानशिलांना आवळते आणि पुढेमागे सैल राहते. सैल राहिले की खड्ड्यागणिक चेहरा पुढे जातो आणि नाकाची काचेशी गाठ पडते. म्हणूनच मोठ्या कंपन्या आशियासाठी वेगळे अस्तर ठेवू लागल्या. दुकानदार जेव्हा मापाची पट्टी फक्त कपाळाभोवती गुंडाळून ‘पाचशे ऐंशी मिलिमीटर’ म्हणून मोकळा होतो, तेव्हा त्याने डोक्याचा घेर मोजलेला असतो, आकार नाही.

चष्मेवाल्यांचे रडगाणे वेगळेच. त्यांच्या बाबतीत काच नाकाला नाही, चष्म्याच्या चौकटीला वाजते. मग खटका पूर्ण न ओढता काच मध्येच अडकवून ठेवण्याची युक्ती निघाली, आणि कंपन्यांनीही तिचा मान राखून काही हेल्मेटांत दोन-तीन टप्प्यांवर थांबणारा खटका दिला. त्यात आणखी वाफ. आतली काच मुख्य काचेपेक्षाही नाकातोंडाच्या जवळ. पावसाळ्यात एक उसासा टाकला की पांढरी. नाकावरून श्वास खाली वळवणारी रबरी पट्टी, जी बरेच जण पहिल्याच दिवशी उपटून टाकतात, ती खरे तर याच कामाची असते. उजेडाचाही एक हिशेब आहे. पॉलिकार्बोनेटच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ५ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दोन काचा म्हणजे चार पृष्ठभाग. सूर्य मागून असला की आपल्याच गालाची छबी काळ्या काचेवर तरंगताना दिसते.

मग आपोआप काळी होणारी काच का नको? चष्म्यांत ती आहे, आणि हेल्मेटच्या मुख्य काचेतही काहींनी आणली. पण ती काळी होते अतिनील किरणांनी, आणि पॉलिकार्बोनेट तेच किरण अडवते. म्हणजे अशी काच पडद्याच्या जागी, मुख्य काचेच्या मागे ठेवली तर ती उन्हातही पांढरीच राहील. मुख्य काच म्हणून लावली, तर बोगद्यात शिरल्यावर उजळायला वेळ लावील. बोगदा तोवर थांबत नाही.

महाराष्ट्रातल्या दुचाकीस्वाराकडे ही डबल काच उशिरा आली, आणि येण्याआधी मूळ हेल्मेटनेच दाराशी बराच काळ तिष्ठत काढला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात हेल्मेट आहे. पण पुण्यासारख्या, लुना आणि चेतकने वाढवलेल्या शहरात १ जानेवारी २०१९ ला पोलिसांनी सक्ती कडक केली, तेव्हा विरोधासाठी मोर्चे निघाले. आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकणे देशभर बंद झाले ते १ जून २०२१ पासून. दरम्यान सावलीचा देशी बंदोबस्त रस्त्यावरच तयार झाला होता. पुण्या-नागपुरातल्या मुलींनी डोके, मान, नाक असे सगळे स्कार्फमध्ये गुंडाळून वर मोठा गॉगल चढवला. पुरुषांनी फुटपाथवरच्या विक्रेत्याकडून इंद्रधनुष्यासारखी चमकणारी काळी काच बसवून घेतली आणि रात्री ती वर करून डोळे चोळत घर गाठले.

हेल्मेटांच्या देशी कारखानदारीचाही मराठी मुलखाशी संबंध आहे. उत्तरेत दिल्लीची स्टीलबर्ड आणि फरिदाबादची स्टड्स, तशी दक्षिणेकडे बेळगावात १९८२ पासून व्हेगा. तिथल्या हेल्मेटचे खोके कोल्हापूर-सांगलीच्या दुकानांत फार पूर्वीपासून ओळखीचे. आता या कंपन्यांच्या बेताच्या किमतीच्या हेल्मेटांतही आतली काळी काच मिळते. एकेकाळी आल्प्समधल्या हौशी प्रवाशासाठी काढलेली सोय आता खाणे पोचवणाऱ्या पोराच्या डोक्यावर दिसते, आणि तिचा खरा उपयोग त्यालाच आहे. दिवसाचे दहा-बारा तास तो उन्हातच असतो.

आइल ऑफ मॅनच्या ६० किलोमीटरच्या मार्गावर आजही टीटीचा सराव संध्याकाळी चालतो. सुरुवातीचे डग्लस शहर सोडले की रस्ता पश्चिमेला जातो आणि मावळता सूर्य स्वारांच्या तोंडावर येतो. सर्वात महागडी हेल्मेटे घातलेले हे लोक तिथे काय करतात? काचेच्या वरच्या कडेला आडवी काळी चिकटपट्टी लावतात. मान किंचित झुकवली की सूर्य पट्टीमागे. टोपीची उलटी फिरवलेली चोच शंभर वर्षांनी पुढे आली ती एवढीशी होऊन, वाऱ्याला धरायलाही काही उरले नाही अशी.

साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना खंबाटकीचा बोगदा लागतो. दुपारी दोनला लख्ख उन्हातून त्याच्या तोंडाशी पोचलेला स्वार क्लचवरचा डावा हात उचलतो, अंगठ्याने कानशिलाजवळचा खटका ढकलतो आणि काळी काच वर जाते. आत पिवळे दिवे, ट्रकांचा घुमणारा आवाज, ओला वास. पलीकडे उजेडाचे वर्तुळ दिसू लागले की तो खटका पुन्हा ओढतो. काच उतरते आणि नाकावर टेकते; सकाळपासून तिथे उमटलेल्या त्या लालसर रेघेवर, जी घरी जाऊन तोंड धुतले तरी तासभर जात नाही.